एस्तेरअक्कांचं आमेन

एस्तेरअक्का सलाम करायच्या आणि हातात घेतलेला हात लगेच सोडायच्या नाहीत. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर हात हातात घेऊन सलाम म्हणायची पद्धत आहे. त्या सलामाच्या निमित्ताने अक्का माणूस तपासून घ्यायच्या. नखं बघायच्या, अंगठ्याने खालची पापणी ओढायच्या आणि दारातच निकाल द्यायच्या. मी पुण्याहून नोकरीसाठी बंगळुरात आले, तेव्हा पहिल्याच रविवारी नटूनथटून उपासनेला गेले होते. "सलाम, बाई. अंगात रक्त नाही तुझ्या. लिपस्टिक लावून भागतं होय?" हे त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य. चारचौघांत असं बोलल्याचा मला भयंकर राग आला. आठवड्याभराने रक्ताचा रिपोर्ट हातात पडला, तेव्हा तो राग मुकाट्याने गिळावा लागला.

त्या मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. लग्न होऊन इकडे आल्या, एका सरकारी कारखान्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात काढली आणि तिथूनच निवृत्त झाल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांच्या नगरी मराठीत कन्नड असं मुरलं होतं, की "स्वल्प थांब" आणि होकाराचं "सरी, सरी" हे आपण मराठीच बोलतो आहोत अशी त्यांची खात्री होती. त्यांना ताई किंवा मावशी कुणी म्हटलं नाही. त्या सगळ्यांच्या अक्का.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान. इंदिरानगरातल्या एका शाळेचा हॉल आम्हाला रविवारी दुपारी मिळतो. सकाळी तिथे तमिळ मंडळींची उपासना असते. प्रार्थना करणारा जिथे श्वास घ्यायला थांबतो, तिथे बाकीच्यांनी आमेन म्हणायचं असतं. आम्ही पुटपुटायचो. अक्कांचं आमेन मात्र शेवटच्या रांगेतून कारखान्याच्या भोंग्यासारखं यायचं. पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली, की त्या मध्येच एक जोरदार आमेन ठेवून द्यायच्या आणि पाळकसाहेबांना आवरतं घ्यावं लागायचं.

महादेवपुऱ्यात काचेच्या मोठमोठ्या कचेऱ्यांच्या मागे पत्र्याच्या शेडची एक वस्ती आहे. बांधकामावरचे मजूर आणि त्या कचेऱ्यांतून लादी पुसणाऱ्या बायका तिथे राहतात. दर गुरुवारी अक्का बस बदलून तिथे जायच्या. माझी कचेरी जवळच असल्यामुळे परतताना मी त्यांना गाडीतून आणायचे. तिथल्या लोकांसाठी त्या प्रार्थनाही करायच्या, पण ती एका दमात उरकायची आणि शेवटी "आमेन. आता गोळी." कुणी म्हटलं, अक्का, देवावर सोडा, तर म्हणायच्या, "प्रभूने आंधळ्याच्या डोळ्याला चिखल लावला होता. म्हणजे मलम लावलंच की. मग तुला गोळी घ्यायला काय होतंय?"

त्या वस्तीत नागम्मा राहायची. बीदरकडची, सीमेवरच्या गावातली, घरात मराठी बोलणारी. नवरा कामासाठी म्हणून हैदराबादला गेला तो परत आलाच नाही. तिची मुलगी रेणुका सोळा-सतरा वर्षांची, लहानपणापासून फिट येणारी. गावाकडे अंगारे झाले, लिंबू उतरवून झाले. अक्कांनी तिला सरकारी इस्पितळात नेलं, गोळ्या सुरू केल्या, आणि दोन वर्षांत फिट जवळजवळ थांबल्या. रेणुकाला आईसारखंच समोरच्या काचेच्या इमारतीत कामाला लागायचं होतं. तिथे गणवेश मिळतो आणि आत थंडगार असतं, एवढं तिला माहीत होतं. "आधी दोन वर्षं गोळी, मग गणवेश," असा अक्कांनी तिच्याशी सौदा केला होता, आणि तो पुरा होत आला होता.

त्या साली दसऱ्याच्या सुट्टीत पुण्याच्या एका मोठ्या मंडळीतल्या तरुणांचा गट सहा दिवसांच्या सेवेला आला. सगळ्यांचे एकसारखे पिवळे टी-शर्ट. पोरं वाईट नव्हती, हे मला मुद्दाम सांगायला हवं. त्यांनी गटारं उपसली, लहान मुलांना हातवारे करत गाणी शिकवली, पत्र्यांना निळा रंग दिला. दिवसभर राबायची आणि रात्री थकून हॉलच्या फरशीवर झोपायची. अक्का त्यांना म्हणाल्या, "सहा दिवसांत लोणचं मुरत नाही, पोरांनो. पण आलात तर हात लावा." त्यांचा पुढारी रोहन. गिटार चांगली वाजवायचा, बोलताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते खरं असायचं. अक्कांना तो आवडला होता. "पोरगा तापट आहे देवाच्या बाबतीत. उतरेल ताप," म्हणायच्या.

शेवटच्या दिवशी निरोपाची प्रार्थना होती. साऱ्या वस्तीने गोल केला होता. रोहनने रेणुकाला मधे बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि नागम्माला कळावं म्हणून मराठीत प्रार्थना सुरू केली. अक्का मागे औषधांचा डबा आवरत होत्या, मी त्यांच्या हातात बाटल्या देत होते. रोहन थांबला की अक्का मान वर न करता आमेन म्हणत होत्या. "प्रभू, तू हिला बरं केलंस." आमेन. "आजपासून हिला फिट नाही." आमेन. "आजपासून हिला गोळी नाही, इस्पितळ नाही, फक्त तू." आमेन. सगळ्यांत मोठा आवाज अक्कांचा होता. मग टाळ्या झाल्या, गाणं झालं, कुणीतरी व्हिडिओ काढला. पोरांची गाडी सुटायची होती म्हणून एकच घाई झाली, आणि अक्कांचं पुढचं "आता गोळी" त्या दिवशी राहून गेलं.

पुढच्या गुरुवारी अक्कांनी नेहमीप्रमाणे गोळ्यांचं विचारलं, तर नागम्मा हसली. "आता कशाला, अक्का? टाकून दिल्या."

अक्कांनी कपाळाला हात लावला. अशा गोळ्या एकदम तोडल्या तर फिट दुप्पट जोराने येतात, हे त्यांनी तिला दोन्ही भाषांत सांगितलं. नागम्मा ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही.

"तुमी माझी परीक्षा बघायलाव, व्हय? तुमी बी म्हनलाव की आमेन. लई जोरात म्हनलाव. म्या ऐकलं."

परतताना गाडीत अक्का म्हणाल्या, "तिथे माझे कान नव्हते गं. नुसतं तोंड होतं."

नागम्मा आता त्या दोघांनाच मानत होती, रोहनला आणि अक्कांच्या आमेनला. अक्कांच्या बाकीच्या बोलण्याला ती परीक्षा समजत होती. मग अक्कांनी रोहनला फोन केला. तू नागम्माला एवढंच सांग, की गोळ्या चालू कर. रोहन म्हणाला, "अक्का, आपणच डाऊट केला तर तिच्या फेथचं काय? मी यावर प्रार्थना करतो." तो व्हिडिओ तोवर पुण्याच्या मंडळीत पडद्यावर दाखवून झाला होता, आणि आमच्याकडेही. पाळकसाहेब म्हणाले, वडीलजनांच्या बैठकीत विषय घेऊ. त्या महिन्यात बैठक झालीच नाही. अक्कांनी पुन्हा पुन्हा फोन केल्यावर रोहनने नागम्माला आवाजी निरोप धाडला, की अक्का म्हणतात तर गोळी घ्यायला हरकत नाही, पण विश्वास सोडू नका. नागम्माने तो मला ऐकवला. तिच्या लेखी त्यात शेवटचे तीनच शब्द होते.

अक्का गोळ्यांची पाकिटं नेत राहिल्या. एकदा त्यांनी रेणुकाच्या तळहातावर गोळी ठेवली. पोरीने ती मुठीत धरली आणि आईकडे पाहिलं. आईने मान वळवली. रेणुकाने गोळी परत केली. अक्का मला म्हणाल्या, "मारून मुटकून खायला घातली असती गं. पण रोज कोण घालणार?"

दिवाळीनंतर एका दुपारी रेणुका पाणी काढायला गेली. वस्तीच्या टोकाला टँकरचं पाणी साठवायचा संप आहे, जमिनीतली टाकी. तिचं झाकण मोडलेलं होतं. वाकली असताना फिट आली. शेजारणीला आधी नुसती बादली दिसली.

रोहन फोनवर खूप रडला. अक्कांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रडून झालं की गाडीत बस आणि ये. तिच्या आईसमोर रड." तो आला नाही.

त्या रविवारी साक्षीच्या वेळेला अक्का उभ्या राहिल्या. देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायचं, अशी ती वेळ. अक्का म्हणाल्या, "रेणुका गेली. तिच्या गोळ्या बंद करा, असं एकाने म्हटलं आणि त्यावर मी आमेन म्हटलं. ही माझी साक्ष." पाळकसाहेब समजुतीने म्हणाले, "अक्का, देवाची इच्छा आपल्याला कळत नाही." अक्कांनी शांतपणे सांगितलं, "त्याच्यावर ढकलू नका, पाळकसाहेब. त्याच्या नावावर आपण आधीच पुष्कळ खपवलंय." त्या बसल्या. मग पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला गेला आणि आम्ही गायलो. गायलो याची मला आजही चीड येते.

गुरुवारच्या फेऱ्या चालूच राहिल्या. नागम्मा मात्र बोलेना. अक्का दिसल्या की आत जाऊन पत्र्याचं दार लोटून घ्यायची. अक्का बाहेर दगडावर बसायच्या, हाक मारायच्या, थोडा वेळ थांबून उठायच्या. "मला शिव्या देऊ दे, दगड मारू दे, पण चूक कुणाची ते एकदा तिला माझ्या तोंडून ऐकू दे," असं त्या म्हणायच्या. वस्तीतल्या बाकीच्या घरांत त्यांची बोलायची तऱ्हा बदलली. साखरेची गोळी असो की रक्तदाबाची, देताना सांगायच्या, "कुणीही सांगितलं तरी बंद करायची नाही. मी सांगितलं तरी." हे त्या इतक्या वेळा म्हणायच्या, की पोरं त्यांची नक्कल करू लागली.

दोन वर्षांनी अक्कांच्या पोटात गाठ निघाली. त्यांनी स्वतःच रिपोर्ट वाचला आणि मला म्हणाल्या, "सरी. उन्हाळा दिसत नाही मला." मंडळी प्रार्थनेला घरी आली, तेव्हा त्यांनी आधीच बजावलं, "बरं होण्याची करू नका. सोसवेल अशी करा."

शेवटी त्या खाटेलाच खिळल्या. एका सकाळी मला नागम्माचा फोन आला. "अक्का हाय का अजून?" एवढंच विचारलं. मी कचेरीतून निघाले आणि तिला कामावरच्या गणवेशाच्या साडीतच गाडीत घेतलं. मला वाटलं, आज ही बाई मनातलं सगळं ओकणार, आणि अक्कांना तेच हवं आहे.

नागम्मा खाटेशेजारी जमिनीवर बसली. अक्कांनी डोळे उघडले, ओळखलं, आणि उठून बसायची धडपड केली. जमलं नाही.

"नागम्मा, मला तुला सांगायचंय—"

"तुमी थांबा, अक्का. आदी म्या इचारते." तिने माझ्याकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे. "त्या रोहनदादानं सांगितलं हुतं, इस्वास हालला की दुखनं परत येतंय. रेणुकाला एकदा रातीला बारीक फिट आली. म्या भ्याले. तुमी ठिवलेल्या पाकिटातली अर्दी गोळी दिली तिला. अर्दीच. कुनाला बी सांगितलं न्हाई. त्याच्या दुसऱ्या दिशी ती संपात पडली. त्या अर्द्या गोळीनंच गेली का ओ ती?"

दोन वर्षं दार का लोटलेलं होतं, ते आम्हाला तेव्हा कळलं. तिचा राग कुणावर नव्हताच. ती आपला गुन्हा लपवत होती.

अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला हात वर जात नव्हता. "नाही गं बाई," त्या म्हणाल्या. "चुकलो आम्ही. त्या सगळ्या दिवसांत आपल्या सगळ्यांत मिळून तेवढी एकच गोष्ट बरोबर झाली. ती तू केलीस. ती अर्धी गोळी."

नागम्माने ते ऐकलं. खरं आहे का, असं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिने पदर तोंडात कोंबला, आणि मला वाटलं, आता हिचं मन मोकळं होईल.

"मंग म्या पुरी का न्हाई दिली?" ती म्हणाली.

एस्तेरअक्कांनी खाटेच्या कडेला असलेला तिचा हात हातात घेतला आणि लगेच सोडला नाही. त्याच आठवड्यात त्या गेल्या.