पांढरे पट्टे

आमच्या समोरचे काका दर रविवारी गाडीच्या टायरांवरचे पांढरे पट्टे जुन्या टूथब्रशने घासतात. कुणाला हात लावू देत नाहीत. "लेकरांना कधी एवढं न्हाऊ घातलं न्हाई," काकू टोमणा मारतात. झरीला लेकीच्या गावी जातानाही ते गाडी डांबरी रस्त्यावर ठेवून पुढे चालत जातात, काळ्या मातीच्या धास्तीनं.

माझ्या परीक्षेच्या दिवशी बस चुकली, तेव्हा त्यांनीच गाडी काढली. पुढे रस्ता खोदलेला होता. क्षणभर थांबून त्यांनी गाडी शेतातल्या चिखलात घातली. मी वेळेत पोचले, पण साधं थँक्यूही म्हणता आलं नाही.

रविवारी मी ब्रश घेऊन मागच्या चाकापाशी जाऊन बसले. ते पुढच्या चाकाचा पट्टा घासत राहिले. मग म्हणाले, "साबण कमी लाव माय, पट्टा पिवळा पडायलाय."