शेजारी असल्याचा पुरावा

नातवंडांनो, पंचवटीत आपल्या समोरच्या घरात राहणारा एक गृहस्थ रोज सकाळी आपल्या कुंपणातली जास्वंदीची फुलं न विचारता तोडायचा आणि तुमच्या आईला मोठ्यानं म्हणायचा, "काय वहिनी, झाला का चहा?" नोकरीला होता परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत.

तुमच्या आईचा पासपोर्ट अमेरिकेचा. तिचा मुक्काम लांबला, म्हणून तिचा इथला पत्ता मी रजिस्टर पोस्टानं कळवला होता. पोचपावतीवर सही याचीच. तरी विमानाला दोन दिवस उरले असताना मी कचेरीत गेले, तर यानं नोंदीचा कागद अडवला. त्याशिवाय तिला विमानतळावर थांबवलं असतं.

"टपालानं पत्ता कळतो काकू, माणूस तिथे राहतो हे कळत नाही. शेजाऱ्याचं पत्र आणा."

"अहो, शेजारी तुम्हीच ना!"

"ते घरी. इथे मी कोणाला ओळखत नाही."

मी तिथेच पत्र लिहून पुढे ठेवलं. त्यानं शेजारी म्हणून सही केली, मग चष्मा लावून तेच पत्र वाचलं आणि विचारलं, "सही करणाऱ्याच्या पत्त्याचा पुरावा?"

आणि खरंच, स्कूटरवरून घरी जाऊन तो स्वतःचं लाइटबिल घेऊन आला. ते निरखून तपासलं, तेव्हा कुठे शिक्का मारला. असल्या माणसाला लोक प्रामाणिक म्हणतात. मी भित्रा म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी कुंपणाशी हजर. "काय वहिनी, उद्या निघणार ना?"

तुमच्या आईनं शांतपणे विचारलं, "आपण कोण?"

तो हसला. फुलं मात्र तोडलीच.