गाव सोडावं का

पुसदला आमच्या शेजारी राहणारी नर्स परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा देणार आहे. मी इंग्रजीचा निवृत्त शिक्षक. निबंध लिहिण्याआधी ती आमच्या ओसरीत एका खुर्चीत बसून मराठीत एक बाजू मांडते, मग समोरच्या खुर्चीत जाऊन तीच खोडून काढते. तिचं स्वतःचं मत कोणतं, याचं मला नेहमी कुतूहल वाटतं.

एकदा विषय होता, नोकरीसाठी गाव सोडावं का. सोडावं, हे तिने ठासून मांडलं. समोरच्या खुर्चीत मात्र ती गप्प झाली.

"काहून थांबली वं?" नातीला कडेवर घेऊन तिला बोलवायला आलेल्या सासूने विचारलं.

"गाव कायले सोडू नये, ते सांगा लागते."

"कायलेच नाही," सासू म्हणाली. "तुह्या पोरीले मी पाहीन."

ती उठून पुन्हा पहिल्या खुर्चीत जाऊन बसली. निबंधात दोन्ही बाजू हव्यात, याची आठवण मी तिला त्या दिवशी करून दिली नाही.