तीस हजार एकतीस

दहावीत असताना मला एक नियम सापडला, असं मला वाटलं होतं. दोनपासून ओळीने मूळ संख्या घ्यायच्या, म्हणजे ज्यांना एक आणि स्वतःखेरीज कशानेच भाग जात नाही त्या. त्यांचा गुणाकार करून त्यात एक मिळवायचा. येणारी संख्याही मूळच निघते. सात, एकतीस, दोनशे अकरा, दोन हजार तीनशे अकरा. तिथवर मी पडताळलं होतं. वर्गात मी बोलत नसे, म्हणून कागद गणिताच्या सरांच्या टेबलावर ठेवून आले. सर खूश झाले. रविवारी चर्चमधल्या मिसानंतर पापडीला आमच्या घरी येऊन वडिलांशी बोलतो, म्हणाले.

वडील मला डी.एड.ला घालणार होते. मला सायन्सला जायचं होतं. सरांनी शब्द टाकला तर बघू, एवढंच वडिलांनी कबूल केलं होतं.

शनिवारी संध्याकाळी घरचे सगळे रोजरीला, म्हणजे माळेच्या प्रार्थनेला बसलो. आमच्याकडे दहा-दहा मण्यांचा एकेक टप्पा एकेकाने सांगायचा. माझी पाळी आली. प्रार्थना मी मराठीत म्हणायचे आणि आकडे इंग्रजीत मोजायचे, त्यामुळे दोन्ही एकदम चालत. माझ्या नियमातली पुढची संख्या होती तीस हजार एकतीस. तेवीसने भागल्यावर सोळा उरले. एकोणतीसनेही सोळाच. एकोणसाठने काहीच उरलं नाही. एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ. पुन्हा करून पाहिलं, तेच आलं. जीभ चालू होती, बोटं मात्र केव्हाची एकाच मण्यावर थांबली होती.

"अगं, दहा कधीच झाले!" आत्या म्हणाली. "मरियामातेला आज सुट्टी देणार आहेस की नाही?"

"लक्ष कुठे आहे हिचं?" वडील म्हणाले.

नियम मोडला होता. सरांनाही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नसतं, तर कुणीच विचारलं नसतं.

रविवारी सर ओट्यावर बसले. आईने चहा दिला. त्यांनी कौतुकाला सुरुवात केली तेव्हा मी म्हटलं, "सर, तो नियम खोटा आहे. तीस हजार एकतीसला एकोणसाठने भाग जातो."

सरांनी खिशातून पेन काढून बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर गुणाकार मांडला.

"हे कधी पाहिलंस?"

"काल. रोजरीत."

"रोजरीत!" वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. आत्याने तोंडाला पदर लावला.

"म्हणजे हिचं चुकलं?" वडिलांनी सरांना विचारलं.

"चुकलं," सर म्हणाले. "माझंही. मी पुढे भागून बघायला हवं होतं."

वडिलांनी सरांसमोरच्या कागदावर वाकून गुणाकार पाहिला. मग त्यांनी विचारलं, "सायन्सचे फॉर्म कधी मिळतात?"

सरांचं लक्ष नव्हतं. पाचशे नऊला आणखी कशाने भाग जातो का, ते बघत होते. जात नाही, हे मी आधीच पाहिलं होतं.