अर्धा भरलेला हंडा

ताईची सासू तिला पाण्यात पाहते आणि ताई अख्ख्या शहराचं पाणी पाहते. जलशुद्धीकरण केंद्रात रोज सकाळी ती नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकते. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं.

त्या दिवशी झालंच नाही. क्लोरीनचा पंप मेला बंद पडला होता! ताईने धावत जाऊन मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि पाणी पिऊ नका सांगायला भोंग्याची गाडी पिटाळली. पण थोडं पाणी पहिल्या वस्तीत पोचलं होतं, आणि तिथेच तिचं घर. तिने घरी फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. घरात दोन वर्षांची छोटी.

तेवढ्यात तक्रारींचा फोन खणाणला.

"पाणी का बंद केलंत? माझा हंडा अर्धाच भरलाय!"

सासूबाईच होत्या!

"आई, मी बोलतेय. ओतून टाका तो हंडा! छोटी प्यायली का त्यातलं?"

"तिला दूध दिलं. आम्ही चहा घेतला."

"पाणी नीट उकळलं होतं ना?"



"न उकळता चहा तुझ्या माहेरी करत असतील."