आबांचं ‘तर’

मांडवगण फराट्याच्या एसटी थांब्यावर मला रोज एक आबा भेटतात. त्यांच्या प्रत्येक वाक्यात ‘तर’ असतंच, आणि त्या ‘तर’पाशी थांबून ते तंबाखू मळतात. “पोरगी लई शिकली तर...” मळून झाली, की “...हाताबाहेर जाती.” या नियमापायी त्यांची बारावी पास नात घरी बसलेली.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. शिरूरच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. ऐकून घेईन होय? पर्समधल्या खडूनं थांब्याच्या भिंतीवर सत्यता सारणी, म्हणजे वाक्य कधी खरं नि कधी खोटं याचा तक्ता, मांडली.

“आबा, जी हाताबाहेर गेली न्हाई ती शिकलीच न्हाई, असंच तुम्ही म्हणताय. तुमच्या नि माझ्या वाक्याचे खऱ्या-खोट्याचे रकाने सारखे आलेत, बघा. मी गेलेय हाताबाहेर?”

“छ्या! तू गुणाची हायेस.”

“मग मी अडाणी?”

आबांनी मळलेली तंबाखू पुन्हा मळायला घेतली.

सोमवारी नात एसटीत माझ्याशेजारी येऊन बसली. आबा खिडकीशी आले. “घातली बी.ए.ला. पर नियम मोडला न्हाई हां! बी.ए.ला कुठं शिकणं म्हणत्यात?”

सारणी त्यांच्याच बाजूनं होती. ‘तर’च्या आधीचं शिकणंच खोटं धरलं, की पुढं काहीही असो, त्यांचं अख्खं वाक्य खरं ठरतं.

माझी पहिली पदवीही बी.ए.चीच. पण गाडी अजून सुटली नव्हती, म्हणून मी म्हणाले, “बरोबर हाय, आबा.”