केल्विन गवंड्याची दोन धुराडी

पहिल्या शनिवारी केल्विन ट्रेलोर हॉलच्या दारात उभा राहिला, आणि चित्रकलेच्या वर्गातल्या समस्त बायकांना वाटलं, नळ दुरुस्त करायला माणूस आला. शिकवणाऱ्या डॉरीनं तर त्याला हाताला धरून थेट मोरीपाशी नेलं! अजून सांगताना ती डोळे पुसत हसते. बरं, यानंही मुकाट नळ दुरुस्त केला, हात पुसले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला. वय एकाहत्तर, जन्मभर न्यूकॅसलमध्ये विटा रचलेल्या.

हे खूळ डोक्यात घातलं होतं बहिणीनं. एनिड म्हणाली होती, "भिंत बांधणं वेगळं आणि भिंतीवर लागणं वेगळं. वर्षाअखेरच्या प्रदर्शनात तुझं चित्र लागलं तर मी नाव बदलीन." झालं! ट्रेलोरांच्या घरात एकदा असं कुणी बोललं, की समोरचा मरेपर्यंत मागे हटत नाही.

डॉरीचा नियम एकच. रस्त्यावर बसून तासाभरात सैल हातानं जलरंगात शहर रंगवायचं, तेच प्रदर्शनात लागणार.

सैल हात? केल्विननं हॉलसमोरचा जुना पब पट्टीनं आखला आणि एकेक वीट काढायला घेतली. तास संपला तेव्हा विटा दाराच्या उंबऱ्यापर्यंतच आल्या होत्या.

"अरे बाबा, मला रस्ता हवाय, विटांची शिरगणती नको," डॉरी म्हणाली.

"विटा नाही काढल्या तर भिंत उभी कशी राहील?"

"कागदावरची पडत नाही रे!"

पुढच्या खेपेला घाई केली. ओल्या आभाळाला लाल रंग टेकला आणि अख्खा पब कागदावरून ओघळून जणू बंदरात वाहून गेला. एनिड चित्र बघून म्हणाली, "दारू सांडली वाटतं."

उरला शेवटचा शनिवार. केल्विननं फुटपाथवर स्टूल टाकलं, पेन्सिल बुडाखाली ठेवून तिच्यावर चक्क बसला. जाड ब्रशनं आभाळ ओढलं. लाल रंग उचलला, आणि हात थांबला. विटांमधल्या सांध्यातला सिमेंटचा माल घासून बसवायची, म्हणजे दर्जा भरायची वेळ तो जन्मभर अंगठ्यानं ओळखत आला होता. माल फार ओला असला की फरफटतो, फार सुकला की ऐकत नाही. त्यानं कागदाच्या कोपऱ्याला अंगठा लावला. ओला. थांबला. डॉरी घड्याळ दाखवत होती, तरी थांबला. पुन्हा लावला. चकाकी गेलेली, गारवा तेवढा उरलेला. आत्ता! एका फटकाऱ्यात सबंध भिंत. वीट एकही नाही. बोटं शिवशिवत होती, पण पेन्सिलवरून तो उठला नाही. शेवटी छपरावर धुराडी दिली. पाच मिनिटं हातात राहिली.

डॉरीनं चित्र हातभर लांब धरलं. "प्रदर्शनात याचा खिळा तूच ठोक," म्हणाली, "तुझ्याइतका सरळ कुणाला जमणार?"

प्रदर्शनाला एनिड टोपी घालून आली. चहाचा कप घेऊन चित्रासमोर उभी राहिली, नाक वर केलं.

"पबला धुराडी तीन आहेत. तू दोनच काढलीस."

"दोनच आहेत."

"साठ वर्षं बघतेय मी!"

"न्यूकॅसल हादरलं ना, त्या एकोणनव्वदच्या भूकंपात तिसऱ्याला तडा गेला. याच हातांनी उतरवलंय ते. जा, बघून ये."

एनिड कपासकट तरातरा बाहेर गेली. मान वर करून उभी राहिली. परत आली.

"चहा पार गार झालाय," ती म्हणाली.

"किती आहेत?"

"...दोन."

"काय म्हणालीस? मोठ्यानं बोल, डॉरीला ऐकू नाही आलं."

"दोन!"